कान्हू बॅटरीवाला

भाद्रपदातल्या उधाणाला खांड गेली आणि खाडी आमच्या शेतात येऊन बसली. बांधाला भगदाड पडलं की त्याला आमच्याकडे खांड गेली म्हणतात. ती बुजवायला सरकार येणार होतं. सरकार आलं, बांधावर उभं राहिलं, नारळपाणी प्यायलं आणि जीपमध्ये बसून गेलं. पाणी मात्र गेलं नाही. भरतीला आत यायचं, ओहोटीला अर्धं बाहेर जायचं, उरलेलं भाताच्या मुळाशी. पुढल्या वर्षी पेरलं ते पिवळं पडलं. त्याच्या पुढल्या वर्षी कोणी पेरलंच नाही.

आमच्या ह्यांना गावात जनू म्हणतात. ह्यांचा जन्म मिठागरावर गेला. तळवे असे फाटलेले की चालताना भेगांत वाळू शिरते. ती मिठागरंही एकेक करून बंद पडली. बांधावर बसून बिडी ओढायचे आणि म्हणायचे, "बघ गो सीताबाय, आगर घराकडं चालून आला. आता मालकाची चाकरी नाय."

"मग घ्या फावडं आनि वढा मीठ," मी म्हणायची. "भाताऐवजी तेच घालते ताटात."

ताटात भात पडत होता तो कान्हूच्या हातामुळे. कान्हू आमचा एकुलता. पेणला रामवाडीत, हायवेला लागून त्याची पत्र्याची शेड. बॅटऱ्या भरून द्यायच्या, पाणी घालायचं, मेलेल्या काढून नव्या बसवायच्या. पेणच्याच एका उस्तादाकडे पोरवयात शिकला आणि मग आपलं मांडलं. अॅसिडने त्याच्या शर्टांची जाळी व्हायची. हिरू, माझी सून, ठिगळं लावून कंटाळली. एकदा मला म्हणाली, "आत्याबाय, ह्यांना मच्छरदानीचाच शर्ट शिवू काय?" मी म्हटलं, "शिव, पन मच्छर बाहेर ऱ्हायला पायजे."

कान्हूची एक रीत होती. दुसरे दुकानदार नवी बॅटरी बसवली की हात पुसून मोकळे. कान्हू तशी गाडी सोडायचा नाही. इंजिन चालू ठेवायला लावायचा आणि चालू इंजिनावर बॅटरीची एक तार काढून बाजूला धरायचा. इंजिन चालू राहिलं तर डायनामा धडधाकट, तो नवी बॅटरी भरत राहणार. बंद पडलं तर डायनामाच गेलेला, मग नवी बॅटरी घालून काय, तीही मरणार. टेंपो, ट्रक, ट्रॅक्टर, जीप, सगळ्यांना हीच परीक्षा. कितीदा तर दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं, की बाबा, तुझी बॅटरी बरी हाय, आधी डायनामा करून ये.

मी भाकरी घेऊन दुपारची जायची तेव्हा हे बघायची. "दुकान मांडलंस का धर्मशाला?" विचारलं तर म्हणायचा, "आये, बॅटरी इकायला कोन पन बसंल. गाडी मधीच बंद पडली तर मानूस कोनाचं नाव घेईल?"

जागा मात्र आमची नव्हती. ती रोह्याच्या महादेव मास्तरांची. त्यांची जुनी फियाट कान्हूच्याच हातावर चालली. एकदा तिथे गाडी उभी असताना म्हणाले होते, "टाक शेड. मी काय इथे नांगर धरणार आहे?" तेवढ्या शब्दावर शेड उभी राहिली.

पण हायवेच्या जागांना भाव आले. हॉटेलवाले घिरट्या घालू लागले. मार्गशीर्षात मास्तर स्वतः शेडवर आले. काठी टेकत बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "कान्हू, मी आता थकलो. जागेचं ह्यापुढे अनय बघेल. पुढच्या रविवारी तो येतोय मुंबईहून. नवी गाडी घेतलीय, पण बॅटरी धरत नाही म्हणतो. तूच बदलून दे. तुझं काम बघितलं की मला वेगळं सांगावं लागणार नाही."

अनय म्हणजे मास्तरांचा मुलगा. मुंबईला कॉम्प्युटरच्या कंपनीत.

घरी आल्यावर कान्हूने एवढंच सांगितलं, "रविवारी काम नीट झालं तर शेड ऱ्हाते." मग रविवारपर्यंत तो शेड झाडत होता. जुन्या बॅटऱ्यांची थप्पी मागे नेली. जमिनीवर सांडलेल्या अॅसिडवर चुना टाकून धुऊन काढलं. हिरूने भोकं नसलेला एकच शर्ट होता त्याला निखारे घातलेला तांब्या फिरवून इस्त्री केली.

रविवारी मी भाकरीच्या निमित्ताने लवकरच गेले. गाडी आली ती आवाजच न करता. चंदेरी, माशाच्या अंगासारखी. अनय उतरला, मागे त्याची बायको स्पृहा बसलेली, ती उतरली नाही. काचा वर.

कान्हूने आधी साबणाने हात धुतले. तसे तो जेवायलाही धूत नाही. बॉनेट उघडलं तर आत सगळं झाकलेलं, काळ्या डब्यांवर काळे डबे. कान्हू वाकून बघतोय, बघतोय.

"इंजिन मुंबईला तर नाय ना ऱ्हायला?" त्याने विचारलं.

अनय हसला. चांगला होता पोरगा, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "आहे हो आत. पण जपून हं कान्हूदादा. ह्यात सगळं कॉम्प्युटरवर चालतं. पेट्रोल किती सोडायचं तेसुद्धा तोच ठरवतो."

"ठरवू दे. बॅटरी तर बारा वोल्टचीच ना?"

"ती बाराचीच."

"मग ती आपली."

असं त्याने काम केलं की बघत राहावं. आधी काळी तार सोडली, मग तांबडी. जुनी बॅटरी तान्हं पोर उचलावं तशी उचलली. खालची बैठक पुसली, तारांची टोकं कानशीने घासून पिवळी केली. नवी ठेवली, आवळली, वरून ग्रीस लावलं. कुठे एक ओरखडा नाही. "मारा सेल्फ," म्हणाला. अनयने चावी फिरवली आणि गाडी पहिल्या हाकेला ओ देऊन सुरू झाली. बॅटरी काढल्याने रेडिओ तेवढा गप्प झाला होता, चालू व्हायला नंबर मागत होता. अनय म्हणाला, "तो नंबर घरी आहे, ते काही नाही."

खाली उतरून त्याने कान्हूच्या पाठीवर हात ठेवला. "बाबा सांगत होते ते खरं. आणि शेडची काळजी करू नका. बोलू आपण, इथेच राहा."

मी ऐकलं. माझ्या ह्या कानांनी ऐकलं. तिथेच बॉनेट पाडलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

कान्हू म्हणाला, "थांबा. डायनामा बघून देतो. तसाच सोडत नाय मी."

"बघा की," अनय म्हणाला. त्याला काय ठाऊक. तो ऑफिसातला माणूस, टेबलावरच्या कॉम्प्युटरचा.

चालू इंजिनावर कान्हूने तार काढली.

टेंपोचं इंजिन अशा वेळी जरा अडखळतं आणि पुन्हा धरतं. हिने एक उचकी दिली. समोरच्या काचेखाली तांबडे-पिवळे दिवे सगळे एकदम लागले, काहीतरी पीं पीं करून ओरडलं, आणि गाडी बंद. कान्हूने तार तशीच हातात धरलेली. मग हळूच परत बसवली.

"मारा सेल्फ."

सेल्फ फिरला. चांगला जोरात फिरला, बॅटरी नवीच होती. पण इंजिन धरेना. परत मारला. परत. बॉनेटखालून करपल्याचा बारीक वास आला, दूध लागतं तसा.

ऊन डोक्यावरून कलेपर्यंत कान्हू त्या गाडीत होता. फ्यूज काढून बघितले, तारा बघितल्या, कुठे काही तुटलेलं दिसेना. तुटलेलं दिसलं असतं तर त्याने जोडलं असतं. घामाने तो शर्ट पाठीला चिकटला. स्पृहा खाली उतरून शेडच्या सावलीत उभी राहिली, नाकाला रुमाल. मी बाकडं पुसून दिलं तर "नको, ठीक आहे" म्हणाली. नाक्यावरचे रिक्षावाले जमले. एक म्हणाला, "काय रं कान्हू, कम्प्युटरला शॉक दिलास काय?" दुसरा म्हणाला, "त्याला इंग्लिशमधनं इचार, काय दुखतं ते."

मी उठले. "तुज्या आयशीला इचारून ये आधी, तुला घरात घेते काय ती," म्हटलं. पांगले. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

अनय एसटीडी बूथवर जाऊन मुंबईच्या गॅरेजला फोन करून आला. येताना त्याचा चेहरा उतरलेला. "कान्हूदादा, ते विचारतायत, इंजिन चालू असताना बॅटरी काढली होती का?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? कोण बघत होतं? मी बघत होते, आणि मी त्याची आई.

"काढली," कान्हू म्हणाला.

"मग कॉम्प्युटर जळलाय म्हणतात. ह्या गाड्यांना तसं चालत नाही. एकदम जास्त करंट जातो." मग म्हणाला, "तुमची चूक नाही. तुम्हाला कोण सांगणार?"

शिवी दिली असती तर मी चार परत दिल्या असत्या. ह्याला काय देणार?

एका ट्रकला दोर बांधून ती चंदेरी गाडी मुंबईकडे ओढून नेली. दोर कान्हूनेच बांधला, पुढच्या रंगाला घासू नये म्हणून मध्ये आपला टॉवेल घातला. शेडचं अनय काही बोलला नाही. कान्हूनेही विचारलं नाही. भाकरी तशीच फडक्यात राहिली.

त्यानंतर तो शेडवर जात होता, पण जाऊन बसून यायचा. आमच्या आळीतला केरू टेंपो चालवतो. त्याची बॅटरी बसली म्हणून त्याने टेंपो लावला. मी तिथेच होते. कान्हूने पाना घेतला, टर्मिनलवर ठेवला. आणि ठेवलेलाच. बोटं पांढरी पडली दाबून, पण पाना फिरेना. मग त्याने पाना काढून टेबलावर ठेवला.

"पेणात ने. दुसऱ्याकडं बघ."

"अरं माज्या टेंपोत कम्प्युटर नाय," केरू म्हणाला. "माज्यात पन नाय. बायकोला इचार."

कान्हू हसला नाही. "कोनाच्या आत काय हाय, कसं कलनार," म्हणाला आणि बाकड्यावर जाऊन बसला.

हिरू रात्री भांडी घासता घासता रडायची, आवाज न करता. हे बिडी विझवून पुन्हा पेटवायचे. मी मनाशी धरलं, ह्याला जागेची भीती खातेय. जागा जाणार ह्या भयाने हात धरलाय. जागा पक्की झाली की हात आपोआप सुटेल. घरात कोणालाच रस्ता दिसत नसेल तर बाईनेच बाहेर पडावं लागतं.

आमच्या बुडालेल्या शेतात एक झालं होतं, खाडीबरोबर मासे आत आले होते. ह्यांना सांगून पहाटेच्या ओहोटीला पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायला लावलं. हातभर जिताडा मिळाला. साहेबाकडे, मालकाकडे काम असलं की आमच्याकडे जिताडा नेतात, ही रीत पिढ्यांची आहे. केळीच्या पानात गुंडाळला, वर ओलं फडकं, आणि रोह्याची एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, "म्हातारे, ह्याचं पन तिकीट लागंल." मी म्हटलं, "काढते, पन बसायला जागा दे त्याला. तू ऊठ."

नातवाच्या मुंजीसाठी मास्तरांकडे सगळे जमले होते, अनयही. मी पुढल्या पायरीवर उभी राहिले. मास्तरांच्या पत्नी वृंदाबाई बाहेर आल्या, मला ओळखलं, हातातलं ओळखलं, आणि हसू जरा मागे घेतलं.

"अगंबाई सीताबाई! आणलात होय? पण मागच्या दारी ठेवता का? घरात कार्य आहे. आणि स्पृहाला वास सोसत नाही."

मी घराला वळसा घालून मागे गेले. पूर्वी ह्याच दारी वृंदाबाई दोन्ही हातांनी जिताडा घ्यायच्या, कान्हूला लाडू द्यायच्या. आता मोलकरणीने तो दोन बोटांत धरून आत नेला. माझ्या मनात आलं, बाई, हा खाडीत होता तेव्हा तुझ्या फ्रीजपेक्षा स्वच्छ होता. पण काम माझं होतं. गिळलं.

मास्तर ओटीवर होते. मी खाली बसले आणि सरळ सांगितलं, "मास्तर, गाडी बिघडली ती बिघडली. पोरानं लबाडी केली नाय. चालू केल्यावर तशीच सोडली असती तर काय पन झालं नसतं, नीट बघून द्यायला गेला म्हनून झालं. शेड तेवढी ऱ्हावी."

मास्तरांनी मुलाकडे बघितलं. अनय लगेच म्हणाला, "मावशी, शेडचं मी तेव्हाच म्हटलं होतं. राहू दे त्यांना. माझ्या मनात काही नाही."

माझे हात जोडले गेले. मला हात जोडायची सवय नाही.

"फक्त एक," तो म्हणाला, अगदी प्रेमाने. "कान्हूदादांनी आता नव्या गाड्यांना हात लावू नये. सगळ्याच गाड्या अशा येणार आहेत. मशीन लावून बघावं लागतं. त्यांनी काहीतरी साधं करावं. पंक्चरचं वगैरे. त्याला मरण नाही."

"पंक्चर," मी म्हटलं.

"हो. किंवा चहाची टपरी. हायवेला चांगली चालेल."

वीस वर्षं ज्या हाताने अनयच्या बापाची फियाट घाट चढवली त्या हाताने कपबशा धुवाव्या. तोंडाशी आलं होतं. पण शेड हातात आली होती, ती सांडायची नव्हती. "बरं," म्हणाले आणि उठले.

परतीच्या एसटीत निडीपासून नागोठण्यापर्यंत मी मनात बोलून बघत होते, कान्हूला कसं सांगायचं. पंक्चरचं सांगायचंच नाही. नुसतं म्हणायचं, जागा तुजी, ऊठ आता. रामवाडीला उतरून तशीच शेडवर गेले.

शेडला कुलूप नव्हतं. आत काहीच नव्हतं कुलूप लावायला. चार्जिंगचं मशीन नाही, बॅटऱ्यांची थप्पी नाही, पान्यांची पेटी नाही. जमिनीवर मशीन होतं तेवढा चौकोन कोरा. कान्हू दाराला टेकून उभा होता, माझीच वाट बघत असल्यासारखा.

"कुठं गेलं रं सगलं?"

"भंगारवाला घेऊन गेला."

"मी रोह्याला जाऊन आले. जागा दिली त्यांनी. अनय सोता बोलला."

त्याने मान हलवली. ऐकलं होतं, एवढंच. "जागेला काय करू आये?"

"काय करू म्हंजे? तुला जागेचीच भीती व्हती ना?"

"नाय गो." त्याने दोन्ही हात पुढे करून बघितले, कोणा दुसऱ्याचे असल्यासारखे. "मला जे येत व्हतं ना, त्यानंच जलली ती गाडी. चुकलो असतो तर पुढल्या टायमाला सुधारलो असतो. मी चुकलो नाय. बरोबर केलं, रोज करतो तसं, आनि जलली." मग म्हणाला, "धाटावच्या केमिकल कंपनीत ठेकेदाराशी बोलून आलोय. सोमवारपासून शिफ्ट. बस रामवाडीवरनंच जाते."

मी त्याला शिव्या दिल्या. माझ्याजवळ होत्या तेवढ्या दिल्या. तो ऐकून घेत होता. शेवटी माझाच आवाज बसला, तेव्हा त्याने माझ्या हातातली रिकामी पिशवी घेतली आणि आम्ही घरी आलो.

धाटावला कसली तरी पावडर पोत्यांत भरायचं काम. तोंडाला फडकं बांधून. महिन्याभरात त्याची नखं पिवळी झाली, उशीचा अभ्रा पिवळा झाला. हिरू त्याचे कपडे वेगळे धुवायची. अॅसिडचा वास मला सवयीचा होता, हा वास मला ओळखीचा होईना. शर्टांना मात्र आता भोकं पडत नव्हती.

चैत्रात त्याची दुसरी शिफ्ट होती. निघायच्या आधी तो आत जेवायला बसला होता. अंगणात एक टेंपो येऊन थांबला आणि थांबताच बंद पडला. उतरलेला माणूस अनोळखी, टोपी काढून घाम पुसत म्हणाला, "मावशी, कान्हू बॅटरीवाल्याचं घर हेच काय? रामवाडीला शेड रिकामी दिसली. निडीवरनं आलोय मुद्दाम."

"निडीला बॅटरीवाले नाय मिलत?"

"मिलतात ओ. सगले बॅटरी गल्यात घालायला बसलेत. आमच्याकडं सांगतात, कान्हूकडं जा, तो डायनामा दाखवून दिल्याबिगर गाडी सोडत नाय. त्याच्यावर इश्वास हाय लोकांचा."

आत ताटाचा आवाज थांबला. मी दारात उभी, मागे वळून बघितलं. कान्हू भिंतीकडे तोंड करून बसलेला, घास हातात. न वळताच हळू म्हणाला, "सांग, नाय हाय."

मी आयुष्यात दारात आलेल्या माणसाशी खोटं बोलले नव्हते. तोंडावर नको ते बोलले असेन, खोटं नाही.

"तो आता हितं नाय ऱ्हात," मी म्हटलं.

"अरेरे. कुठं गेला?"

"लांब."

त्याने टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "मग जरा धक्का मारायला कोन गडी मानूस हाय काय घरात? सेल्फ घेत नाय."

"गडी मानूस नाय," मी म्हटलं. पदर खोचला आणि हिरूला हाक मारली. दोघी टेंपोच्या मागे लागलो. पत्रा उन्हाने तापलेला, हाताला चटका बसत होता. तो माणूस "अवं मावशी, तुमी कशाला" म्हणत राहिला, पण चढून बसला. उताराला लागल्यावर टेंपोने दोन हिसके दिले, इंजिन धरलं, आणि धुराचा लोट आमच्या तोंडावर सोडून तो गेला. हिरू खोकत वाटेतच बसली.

मी आत आले. छाती भात्यासारखी चालली होती. कान्हू तसाच बसलेला, भात तसाच. कान मात्र बाहेर, आवाज नाक्याच्या वळणापलीकडे जाऊन विरेपर्यंत.

"बॅटरी बरी हाय त्याची," तो म्हणाला. "डायनामा पन बरा हाय. तार सैल हाय नुसती. आवलली असती तर झालं असतं."

त्याने ताटातच हात धुतला, तोंडाला बांधायचं फडकं खुंटीवरून काढलं आणि बसची वेळ झाली म्हणून निघाला.